वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची मंजुरी : कराड ते पुणे, तीन फेऱ्यांचा वृत्तांत

गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत मी कराडहून पुण्याला तीनदा गेले. शस्त्रक्रिया त्यानंतर झाली आणि तिच्याविषयी पुष्कळांनी लिहिलेले आहे. मी लिहिते आहे ते आधीच्या कागदपत्रांविषयी, म्हणजे डॉक्टरांचे पत्र, तपासण्या आणि विमा कंपनीची मंजुरी यांविषयी. या तीन फेऱ्यांपैकी किमान एक पूर्णपणे टाळता आली असती, कारण जे काम कराडातच उरकायला हवे होते ते न करता मी थेट मोठ्या रुग्णालयाची वाट धरली होती.

पहिल्या वेळी सकाळी सहाची एस.टी. धरली. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे प्रवासाचा खर्च फारसा नव्हता. खंबाटकी घाट ओलांडून साडेनऊच्या सुमारास स्वारगेटला उतरले आणि रिक्षाने रुग्णालय गाठले. सर्जनसाहेबांनी उंची, वजन, मधुमेह, गुडघे असे सगळे विचारून घेतले आणि शस्त्रक्रिया करण्यासारखी स्थिती आहे, असे स्पष्ट सांगितले. आपल्याकडचे बरेच शल्यचिकित्सक आशियाई शरीरयष्टीसाठी ठरलेला निकष मानतात : मधुमेहासारखा सहविकार असेल तर बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 32.5, नसेल तर 37.5. त्या हिशेबाने मी बसत होते. आनंदाने खाली टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयात विम्याची कागदपत्रे पाहणाऱ्या खिडकीवर गेले, तर तिथल्या मुलीने माझी पॉलिसी उघडून शांतपणे एक कलम दाखवले.

हे कलम प्रत्येकाने घरीच वाचून निघावे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2019 मध्ये सर्व कंपन्यांसाठी अपवर्जनांची, म्हणजे कशाचा खर्च मिळणार नाही ते सांगणाऱ्या कलमांची, भाषा सारखी करून दिली. त्यात लठ्ठपणाचे कलम सहाव्या क्रमांकाचे आहे. त्यानुसार खर्च मिळायचा तर शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली हवी, तिला वैद्यकीय कार्यपद्धतीचा आधार हवा, रुग्णाचे वय 18 पूर्ण हवे, आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त हवा. बीएमआय 35 ते 40 यांमध्ये असेल तर कमी त्रासाचे उपाय करूनही वजन उतरलेले नाही हे दाखवावे लागते, शिवाय चारांपैकी एक गंभीर विकार असावा लागतो : लठ्ठपणामुळे आलेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळण्याचा विकार) किंवा अनियंत्रित टाइप 2 मधुमेह. गुडघेदुखी या यादीत नाही. सर्जनचा निकष आणि कंपनीचा निकष यांत जे अंतर आहे, त्यातच बहुतेकांची फाईल अडकते.

माझी तर दोन सेंटिमीटरवर अडकली. कराडच्या दवाखान्यातून आणलेल्या चिठ्ठीवर उंची 160 सेंटिमीटर लिहिलेली होती, कारण कंपाउंडरने मला चपला घालूनच मापपट्टीपाशी उभे केले होते. वजन 88 किलो. त्यावरून बीएमआय 34.4 येतो. रुग्णालयात अनवाणी मोजल्यावर उंची 158 भरली आणि बीएमआय 35.25 झाला. एक कागद पात्र ठरवणारा आणि दुसरा अपात्र ठरवणारा, अशी फाईल पाठवण्यात अर्थ नाही, असे त्या मुलीने सांगितले आणि तिचे बरोबर होते. दुपारच्या गाडीने परत आले.

आता प्रश्न आमच्या डॉक्टरांचा होता. चौदा वर्षे मी त्यांच्याकडे जाते, तरी शस्त्रक्रियेचे नाव काढताच ते म्हणाले, "ताई, अजून सहा महिने नेटाने चालून बघा." त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही हे मला ठाऊक होते. मी त्यांच्याच कपाटातली माझी फाईल मागितली आणि केसपेपरांवरची वजने एका वहीच्या पानावर तारखांसह उतरवून त्यांच्यापुढे ठेवली. 2021 मध्ये 84, आहारतज्ज्ञांकडे आठ महिने काढल्यावर 77, पुढच्या दिवाळीला 83, मग इन्सुलिन सुरू झाल्यावर 88. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "पत्रात काय काय हवंय?" ज्यांचे डॉक्टर तयार होत नाहीत त्यांनी आपले रडगाणे न सांगता त्यांनीच लिहिलेल्या नोंदी त्यांच्यासमोर मांडाव्यात. केसपेपरवर दर वेळी वजन लिहिलेले नसेल, तर आजपासून आग्रहाने लिहून घ्यावे.

पत्र लेटरहेडवर असावे, त्यावर तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. अनवाणी मोजलेली उंची, त्याच दिवसाचे वजन आणि बीएमआय हे तिन्ही आकडे त्यात हवेत. आहार, व्यायाम आणि औषधे यांचे कोणते प्रयत्न कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत झाले आणि त्यांचा परिणाम काय झाला, हे वाक्यांत लिहिलेले हवे. नुसते 'मधुमेह आहे' असे लिहून भागत नाही; औषधांची नावे व मात्रा देऊन, इन्सुलिन चालू असतानाही तीन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्यांत एचबीए1सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) 9 च्या वर राहिले आहे आणि म्हणून मधुमेह अनियंत्रित आहे, असे आमच्या डॉक्टरांनी लिहिले. 'अनियंत्रित' हा एक शब्द पुढे फार उपयोगी पडला.

दुसऱ्या फेरीत दोन दिवस मुक्काम करावा लागला. रक्ताच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, टू-डी इको, फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ हे सारे त्यात उरकले. मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर पाळायची पथ्ये आणि घ्यायची जीवनसत्त्वे तुम्हाला समजली आहेत का, एवढेच त्या प्रामुख्याने पाहतात. रात्री स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी झाली. डोक्याला आणि छातीला वायरी चिकटवून झोपायला सांगतात, आणि झोप लागणारच नाही असे वाटत असताना सकाळ होते. केसांतला चिकट थर मात्र घरी येऊन दोनदा न्हायल्यावर निघाला. तासाला 30 किंवा अधिक वेळा श्वास अडखळला तर विकार तीव्र मानतात. माझा आकडा 34 आला. फाईलला असा दुसरा आधार मिळत असेल तर ही तपासणी टाळू नये.

घोटाळा झाला तो मात्र साध्या गप्पांत. एका शिकाऊ डॉक्टरांनी फॉर्म भरताना विचारले, "शुगर कधीपासून?" मी बोलून गेले, "झाली असतील दहाएक वर्षं." त्यांनी 10 वर्षे असे लिहिले. माझी पॉलिसी 2017 ची आणि मधुमेहाचे निदान 2019 चे. पण कागदावर आजार पॉलिसीच्या आधीचा ठरला. कराडला पोहोचून दोन दिवस होत नाहीत तोच रुग्णालयातून फोन आला की कंपनीने क्वेरी काढली आहे : पॉलिसी घेताना मधुमेह का सांगितला नाही? माळ्यावरच्या बिस्किटाच्या डब्यात 2019 चा पहिला लॅब रिपोर्ट सापडला, म्हणून निभावले. रुग्णालयात कोणीही आजाराचा काळ विचारला तर अंदाजे उत्तर देऊ नये. निदानाचा महिना व वर्ष चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावे आणि तेच सर्वांना सांगावे. खोटे सांगावे असा याचा अर्थ अजिबात नाही. आजार खरोखरच आधीचा असेल तर लपवाछपवीने दावा आणि पॉलिसी दोन्ही धोक्यात येतात.

तिसरी फेरी या दुरुस्तीसाठी. मूळ रिपोर्ट पाहून सर्जनसाहेबांनी स्वतःच्या सहीने खुलासा दिला, डेस्कवरून तो पाठवला गेला आणि कँटीनमध्ये दुसरा चहा घेत असताना मंजुरीचा संदेश आला. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यावा, असे नियामकाचे 2024 पासूनचे बंधन आहे; पण क्वेरी निघाली की आपली वाट पाहण्याची वेळ वाढतेच, म्हणून फाईल पहिल्यांदाच पूर्ण जावी. नकार आला तर तो लेखी मागावा, त्यात कोणत्या कलमाचा आधार घेतला आहे ते पाहावे आणि आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहावे. तिथे 30 दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे.

अंदाजपत्रकाकडेही नीट पाहावे. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि त्यावरची खोली घेतली, तर इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. जठर कापून शिवण्याच्या स्टेपलरच्या कार्ट्रिजांचा खर्च मोठा असतो, तो वेगळा दाखवून घ्यावा. रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया सुचवली तर तिच्यासाठी वेगळी मर्यादा आहे का, हे विचारून मगच हो म्हणावे.

आणखी एक गोष्ट मला आहारतज्ज्ञांनी सांगितली म्हणून कळली. शस्त्रक्रियेआधी यकृत आकसावे म्हणून साधारण दोन आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार देतात. त्यात वजन उतरतेच. माझे साडेतीन किलो उतरले आणि भरती होताना बीएमआय 35 च्या खाली आलेला होता. आहार सुरू होण्याच्या दिवशीचे वजन सर्जनच्या सहीने फाईलमध्ये आधीच लावलेले होते. तो कागद मी भरती होताना वरच ठेवला होता, आणि डेस्कवरच्या मुलीने सर्वांत आधी तोच मागितला.