तुम्ही विचारलंत म्हणून: पोहे सोडले का?

आमराईत फिरताना कुणी ना कुणी विचारतंच, "काय ओ काकू, तुम्हाला शुगर निघाली म्हणे. मग पोहे सोडले काय?"

नाही सोडले. सांगलीत राहून पोहे-उप्पीट सोडायचं म्हणजे कुणाच्या घरी जायचंच बंद करायचं.

सुरुवातीला माझा समज एवढाच की गोड खाल्लं की शुगर वाढते. चहातली साखर बंद केली आणि पोह्यांची बशी मात्र शिगोशीग. उपाशीपोटीचा आकडा ११२, म्हणून मी खूश. मग मुलानं ग्लुकोमीटर आणून दिलं. पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचलं, तर २३१! डॉक्टरांनी १८०च्या आत म्हणून सांगितलेलं.

पोहे म्हणजे चेपलेला तांदूळच की. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत पाऊणशे ग्रॅमच्या आसपास पिष्ट, त्यात आम्ही बटाटा घालणार, वर चहा-बिस्किटं. शिवाय सकाळी अंगातली काही हार्मोन्स चढलेली असतात, ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. म्हणून बऱ्याच जणांचा आकडा नाष्ट्यानंतरच सगळ्यात जास्त उसळतो.

मग एक वही घातली. कोरडे पोहे मोजून अर्धी वाटी, बटाट्याच्या जागी मटार आणि मूठभर शेंगदाणे. आणि पोह्यांच्या आधी वाटीभर मटकीची उसळ. आधी, बरं का, सोबत नाही. कडधान्य पोटात आधी गेलं की मागून येणारं पिष्ट सावकाश पचतं. आकडा १७२. खाऊन पंधरा मिनिटं अंगणात येरझाऱ्या घातल्या तर १५१, कारण चालताना पायाचे स्नायूच साखर ओढून घेतात.

उप्पिटाला हीच युक्ती. शाळूची एक भाकरी पिठल्याबरोबर चालते, दोन नाही. साबुदाण्याचं मात्र काही करता येत नाही, ते निव्वळ पिष्ट. एकादशीचा आकडा मी वहीत लिहिलाच नाही. आणि "खपलीची खीर चालती, गूळ घातलाय" म्हणणाऱ्या जाऊबाईंना नमस्कार. गूळ ही साखरच.

एक चूक मात्र सांगते. आकडे उतरले तसा मला चेव चढला. एका सकाळी गोळी नेहमीची घेतली आणि नुसती उसळ खाऊन मार्केट यार्डात बेदाणे आणायला गेले. तिथं हात थरथरायला लागले, दरदरून घाम. मीटर पिशवीतच होतं: ६२. माझ्या गोळीनं पोट रिकामं असलं तरी साखर उतरते, हे मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. दुकानदारानं घाईनं कागदाच्या पुडीत साखर आणून दिली. तीन चमचे पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटं त्याच्याच बाकड्यावर बसून पुन्हा बोट टोचलं आणि मगच बेदाण्याचा भाव विचारला.