इस्तंबूलला सूर्य साडेआठला उगवतो

जानेवारीत इस्तंबूलला सूर्य उगवायला जवळजवळ साडेआठ वाजतात. तुर्कस्तानने २०१६ साली घड्याळं मागेपुढे करणं बंद केलं आणि उन्हाळ्याची वेळच बारमाही ठेवली. शाळकरी पोरं काळोखात दप्तरं घेऊन निघतात, आईबाप करवादतात. फोटोग्राफरची मात्र चैन. एरवी पहाटेचा उजेड हवा असेल तर मिळतात ते ओस रस्ते. इथे पहाट आणि ऑफिसची गर्दी एकदमच घराबाहेर पडतात.

म्हणून रात्री उशिरा उतरूनही सकाळी आठच्या आत आशियाच्या बाजूच्या काडिकॉयच्या बोटीच्या धक्क्यावर हजर झाले. मागच्या खेपेचं इस्तंबूलकार्ड, म्हणजे इथल्या बस-बोटींचं प्रवासकार्ड, जपून ठेवलं होतं. फाटकाला लावलं, तर शिल्लक अपुरी! मागच्या खेपेला त्यात आरामात परतीच्या प्रवासाचे पैसे उरले होते. लिरा, म्हणजे इथलं चलन, किती घसरलंय ते कुठल्याही बातमीपेक्षा त्या लाल दिव्याने नीट सांगितलं.

पलीकडे युरोपच्या बाजूला एमिनोन्युला जाणारी बोट वीसेक मिनिटं घेते. निघताच उजव्या हाताला हायदरपाशा स्टेशन, जर्मन वास्तुकारांनी बांधलेलं, पाण्याला खेटून उभं. २०१३पासून तिथून गाडी सुटलेली नाही. नवखे सगळे पुढच्या बाजूला धावतात, कारण समोर तोपकापी राजवाडा आणि हागिया सोफियावर ऊन पडत असतं. मी मागच्या उघड्या बाकावर बसते. सूर्य आशियाच्या बाजूने, बोटीच्या मागून वर येतो आणि त्याच्या आड ऑफिसला निघालेली माणसं. चहावाला थाळीत कंबर बारीक असलेले पेले घेऊन फिरतो. थंडीत त्या चहाची वाफ अशी पेटते की बस्स! एक्स्पोजर त्या वाफेवर धरायचं, चेहरे काळे पडले तर पडू द्यायचे. एका बाईंनी पेला गालाला लावला होता, दुसऱ्या हाताने फोनवर कुणाला तरी झापत होत्या. आजचा पहिला फोटो तोच. सिमितच्या, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाच्या, तुकड्यांवर झडप घालणारे सीगल मात्र मी काढत नाही. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेतच.

या शहरात कॅमेरा उचलला की आरा ग्युलेर मानगुटीवर बसतोच. १९२८ ते २०१८ एवढं आयुष्य लाभलेला हा माणूस स्वतःला कलावंत नव्हे, वृत्तछायाचित्रकार म्हणवायचा. पण त्याच्या कृष्णधवल फोटोंतलं धुराचं, बोटींचं, ओल्या फरसबंदीचं इस्तंबूल इतकं मनात बसलंय की आम्ही सगळे तेच शोधत फिरतो आणि रंगीत फोटो घरी जाऊन काळेपांढरे करतो. मला आता त्याचा कंटाळा आलाय. धूर गेला, माणसं फुगीर जॅकिटं घालतात, तर ती जॅकिटंच काढू या की!

गलाटा पुलावर तर रंगांची नुसती जत्रा आहे. सध्याचा पूल १९९०च्या दशकातला. आधीचा १९९२च्या आगीत गेला. कठड्याला गळ टेकवून मासे धरणारे मात्र उभेच. खाली पायाशी प्लास्टिकच्या बादल्या, दह्याच्या नाहीतर रंगाच्या. एका काकांच्या निळ्या बादलीत इस्ताव्रित फिरत होते, बांगड्याहून लहान, चंदेरी. मासेमाऱ्याला शुभेच्छा द्यायची इथली रीत आहे, ‘रास्तगेले’ म्हणायचं. म्हटलं, आणि कॅमेऱ्याकडे बोट केलं. काकांनी आधी टोपी सारखी केली. मी बादलीवर वाकले तसे जरा हिरमुसले. मग स्वतःच बादली उन्हात सरकवून दिली आणि दोन मासे वर यावेत म्हणून बोटाने पाणी ढवळलं. शेवटी टोपीसकट त्यांचाही एक काढला आणि तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

हागिया सोफियाला पहिल्या दिवशी जातच नाही. २०२०मध्ये तिची पुन्हा मशीद झाली, २०२४पासून परदेशी पर्यटकाला २५ युरो मोजून वरच्या सज्जातूनच बघावं लागतं. रांग पाहिली आणि जेवायला गेले.

काका जाता जाता नैर्ऋत्येकडे बोट दाखवून ‘लोडोस’ म्हणाले होते. हा दक्षिणेकडचा वारा सुटला की समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात आणि अर्ध्या शहराचं डोकं दुखतं. संध्याकाळी हवामान पाहिलं, काकांचं खरं होतं. म्हणजे उद्या मार्मारे रेल्वे, समुद्राखालून चार मिनिटांत पलीकडे. बॅगेतून वाइड लेन्स काढून ठेवली, डोकेदुखीच्या गोळ्या आत टाकल्या.