बाईंच्या जागेवर

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. कोरेगाव तालुक्यातली गावं बदलत गेली, वर्ग मात्र तिने हट्टाने पहिलीचाच मागून घेतला. निवृत्त झाली त्याच वर्षी आषाढीला आळंदीहून चालत निघाली आणि मग दरवर्षीच निघत राहिली. परत आली की गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि म्हणायची, "पाऊलभरसुद्धा गाडीत बसले नाही." आमची पोरं ते वाक्य ऐकतच मोठी झाली.

गेल्या माघात ती गेली. ज्येष्ठ लागला तसा दिंडीतल्या वीणेकरी काकांचा फोन. "बाईंची जागा रिकामी ठेवायची नाही. घरातलं कुणीतरी या." मावशीला मूलबाळ नव्हतं आणि बाकीच्या भाचरांना रजा नव्हती. रजा मलाही नव्हती, पण तोंडातून हो निघून गेलं.

पुण्यापर्यंत काहीच कळलं नाही, नुसती गर्दी. दिवे घाट एकादशीच्या उपासात चढले. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, ते मी काय सांगणार. सासवड, जेजुरी, वाल्हे. भंडारा अजून पिशवीच्या शिवणीत आहे. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं तेव्हा मी टँकरपुढच्या रांगेत बादली धरून उभी होते आणि मागची बाई "माउली, माउली" म्हणत कोपराने मला पुढे ढकलत होती. इतक्या गोड शब्दात इतकं जोरात ढकलता येतं, हे वारीतच शिकावं. रात्री राहुटीत शेजारणीच्या मोबाइलवर पहाटे तीनला काकडा वाजायचा. ती गाढ झोपलेली असायची, आम्ही उठून बसायचो.

दिंडीत मला नाव नव्हतं. मी "बाईंची भाची". सगळ्या बायका माझ्याकडे जरा तपासल्यासारखं बघायच्या आणि मग काहीतरी सांगायच्या. बाई संध्याकाळी हरिपाठानंतर हजेरी घ्यायच्या. तो कॅटलॉग काकांनी जपून ठेवला होता. शाळेतल्यासारखाच आखलेला, उभ्या रकान्यांत तिथ्या, आडव्या ओळींत नावं. हजर माणसापुढे बारीक दांडी, गैरहजराला लाल पेनाने 'गै'. शेवटच्या पानावर कुणाला मधुमेह, कुणाची कुठली गोळी, कुणाच्या मुलाचा फोन नंबर. नख वाढलेल्या बाईला ती रांगेतून बाहेर काढायची म्हणे. वाटेवरच्या स्वागताच्या फलकांवर 'हार्दिक'ची दुसरी वेलांटी दिसली तर थांबून फलक लावणाऱ्याला शोधायची. हे मला नवं नव्हतं. सहावीत तिच्याकडे सुट्टीला गेले असताना मी घरी पाठवलेलं पत्र तिने आधी तपासून, लाल खुणा करून, परत लिहायला लावलं होतं.

एक मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी गायची. रात्री बायकांच्या गौळणी रंगल्या की मधे उभी राहून, पदर खोचून, बेसूर. "अगदी बेसूर हो," सांगणारी बाई हसून हसून डोळे पुसत होती. आमच्या घरात कुणी तिला गुणगुणतानासुद्धा ऐकलेलं नाही. मला हसू आलं नाही. रागच आला थोडा, कुणाचा ते माहीत नाही.

लोणंद, तरडगाव. तरडगावच्या तळावर समाज आरतीला आमची शेजारची दिंडी टाळ वाजवायची थांबेना. चोपदारांनी चोप उंच केला, लाखभर माणसांचा तळ चिडीचूप, आणि ह्यांचे टाळ चालूच. तक्रार असेल त्या दिंडीने वाजवत राहायचं, हा रिवाज. चोपदार गेले, विचारलं, पाण्याचा टँकर आला नव्हता. व्यवस्था लावतो म्हटल्यावर टाळ थांबले. मग हरवलं-सापडलंची पुकार, मग आरती. काका माझ्या कानाशी म्हणाले, "बाईंना हे फार आवडायचं. म्हणायच्या, वर्ग असा पाहिजे."

बरडहून निघालो तेव्हा वारासुद्धा नव्हता. पालखी मार्ग आता चौपदरी झाला. गाड्यांची सोय झाली, मावशीच्या गोष्टींतले वड मात्र त्यात गेले. उजव्या टाचेला सकाळीच फोड आला होता. तो वाचवायला पाय तिरका टाकत गेले, तर डाव्या चवड्यालाही आला. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला, स्वागत झालं, कुणी राजगिऱ्याचा लाडू हातात ठेवला. लाडू खाल्ला आणि रडायला आलं. पुढे टाळ चाललेले, मी मनातल्या मनात मावशीला वाट्टेल ते बोलत होते. पाऊलभरसुद्धा गाडीत बसली नाही म्हणे. दिंडी पुढे सरकत गेली, मागच्या दिंडीने मला ओलांडलं, तिच्या मागचीनेही.

रस्त्याला लागून एक घर होतं. ओसरीवर आजी सुपात जोंधळे निवडत बसलेली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. "टेक."

मी बाजेवर बसले. तिने तांब्याभर पाणी दिलं आणि दुसऱ्या तांब्याने माझे पाय धुतले. मी पाय ओढून घेतले तर घोट्याला धरून म्हणाली, "गप बस." गाव विचारलं नाही, दिंडी विचारली नाही. आतून सुई-दोरा आणला. दोरा ओवता येईना, मला दिला, माझा हात थरथरत होता, शेवटी तिच्या नातीने ओवला. आजीने सुई दिव्यावर धरली, दोरा खोबरेलात बुडवला आणि फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढला. दुखलं नाही, नुसतं गार वाटलं. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून कापला. फोडातलं पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब उतरायला लागलं. "दोरा काढू नगंस. कातडं सोलू नगंस. झरू दे त्येचं त्ये." मग डाव्या पायाचं तसंच, वर हळद. मी शंभराची नोट काढली, तर ती पुन्हा सूप घेऊन बसली, जणू मी तिथे नाहीच.

जरा पाठ टेकली आणि डोळा लागला. उठले तर ऊन उतरलं होतं, रस्ता रिकामा, मागे पत्रावळ्या आणि द्रोण. आजी उशाशी पदराने माश्या वारत होती.

"आजी, उठवलं का नाही?"

"झोपल्याली माउली कुनी उठवती व्हय?"

तिच्या मुलाने मोटारसायकल काढली. मी नको म्हटलं, चालत जाते म्हटलं, मावशीचं वाक्यही ऐकवलं. आजीने सूप खाली ठेवलं. "त्या पायांनी जाशील तर आपटशील कुठंतरी. बस मागं." बसले. नातेपुत्याच्या तळापर्यंत वारा तोंडावर घेत गेले आणि खरं सांगायचं तर फार सुख वाटलं.

आमच्या ट्रकपाशी उतरले तेव्हा आचारी पिठलं घोटत होता. त्याने काही विचारण्याआधीच मी खुलासा करायला लागले. तो हसला. "बाई तर शेवटची काही वर्षं लोणंदपासनं ट्रकमधीच असायच्या की. त्या पोत्यावर बसून भाजी चिरायच्या. गुडघे गेलेले. घरी सांगू नका म्हणायच्या."

मी त्या पोत्यावर जाऊन बसले. कांद्याचं पोतं. मला आधी त्या गरम पाण्याच्या घमेल्याचाच राग आला. दोन्ही पाय त्यात सोडून, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत, एवढं सरळ खोटं! आमच्या पोरांना एका खोट्यासाठी तिने पन्नास वेळा पाढे लिहायला लावले होते. रात्री ज्या बायकांनी हे जन्मात सांगितलं नसतं, त्यांनी मग सगळंच सांगितलं. ट्रकमध्ये बाई कशा भांडायच्या, मिठाचा हिशेब कसा ठेवायच्या. गौळण झाली. मी उभी राहिले नाही, टाळ्या मात्र वाजवल्या.

पुढचे मुक्काम दोऱ्यासकट झाले. रिंगणात अश्व धावताना दिसला नाही, पुढच्याच्या खांद्यावरचं मूल दिसलं. पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभी राहायची ताकद नव्हती, कळसाला हात जोडले, चंद्रभागेत पाय बुडवले.

हजेरी शेवटी माझ्याकडेच आली होती. माझ्या आवाजाला कुणी भीक घालायचं नाही, एकीच्या नावाला दुसरीच "हजर" म्हणायची. गोपाळकाल्यानंतर मी कॅटलॉग काकांना परत दिला. पुढच्या वर्षी जमेल की नाही सांगता येत नाही म्हटलं.

"बाईपण दरवर्षी हेच म्हणायच्या," काका म्हणाले. "म्हणून त्यांच्याकडनं पुढची भिशी इथंच घ्यायचो."

दिंडीची ती वर्गणी मी निम्मी भरली. उरलेली दिवाळीनंतर.