मुलीसुद्धा 'आब्लो'च!

पुण्यात सहावी-सातवीच्या मुलांना स्पॅनिश शिकवताना क्रियापदांचा तक्ता मी सुरुवातीला फळ्यावर काढतच नाही. आधी नुसतं तोंडी: आब्लो (मी बोलतो/बोलते), आब्लास (तू), आब्ला (तो/ती), आब्लामोस (आम्ही). शेवटावरून कोण बोलतंय ते कळतं, म्हणून 'यो' (मी), 'तू' (तूच) गाळले तरी चालतं. मराठी मुलांना त्याचं नवल नाही, 'जातोस का?' आपणही 'तू'शिवायच विचारतो.

घोळ होतो मुलींचा. 'बोलतो-बोलते'ची सवय, त्यात स्पॅनिश विशेषणांत बहुधा 'ओ' पुल्लिंगी, 'आ' स्त्रीलिंगी. मग त्या ठणकावून सांगतात, "यो आब्ला!" तर्क चोख, उत्तर चूक. या रूपांना लिंग नसतं, हे मी अजून घसा कोरडा होईतो सांगते.

उच्चारांत आपली पोरं तयार असतात. त, द दातांवरचेच. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा फरक तर ती मुद्दाम गुरगुरून करतात. आड येतं ते इंग्रजी वाचन: एच दिसला की 'हाब्लो', व्ही दिसला की 'बीबो'चं (मी राहतो/राहते) 'विवो'. एच मी खडूनं खोडते. 'बीबो'तला दुसरा ब मात्र ओठ पुरते न मिटता काढायचा, त्याला वेळ लागतो.

'आब्लाइस' (तुम्ही सगळे बोलता) शेवटी घेते. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी 'ते बोलतात'चं 'आब्लान'च चालतं.