बदामी: मूर्तींच्या मागचा दगड

सोलापूर-गदग मार्गावरच्या बदामी स्टेशनवर सकाळी उतरलो. गाव तिथून पाचेक किलोमीटर, शेअर रिक्षा मिळते. तलावाच्या वरचे तांबडे कडे दिसताच मी बायकोला म्हणालो, "हे आपल्या सह्याद्रीसारखंच, थरावर थर." साफ चुकलो होतो. सह्याद्रीतले थर म्हणजे एकावर एक वाहत आलेला लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथली आहे वाळू, आणि ती त्याच्याही कितीतरी आधीची, जमिनीवर झाडं उगवण्यापूर्वीची.

या कड्यांत कोरलेल्या लेण्यांच्या पायऱ्यांशी पडलेला एखादा झिजका तुकडा चोळून बघा, बोटाला कण लागतात. नद्यांनी आणलेली वाळू साचत गेली, वरच्या भाराने खालची दबली. कणांमधून झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजं फटींत बसली आणि वाळूचा दगड झाला. तांबडा रंग लोहाच्या गंजाचा.

तिसऱ्या लेण्यात चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा इ.स. ५७८चा शिलालेख आहे. सगळे तिथे शेषावर बसलेला विष्णू बघतात. मी त्याच्या आजूबाजूच्या दगडातले जांभळट-पांढरे पट्टेच बघत राहिलो. कोरणाऱ्यांनी मूर्ती घडवली, पट्टे जसेच्या तसे राहिले.

बाहेरच्या कड्यावर मात्र नक्की थांबा. आडव्या थरांच्या आत तिरप्या रेघा दिसतील. वाहत्या पाण्यात वाळूचा उंचवटा पुढे सरकताना कण त्याच्या उतरत्या बाजूवर घरंगळतात, त्याची ही खूण. रेघा जिकडे उतरतात, तिकडे प्रवाह होता. एकदा हे कळलं की पुढचा तासभर बायको मूर्ती दाखवते आणि आपण रेघा मोजतो, असं होतं.

या आडव्या थरांखाली त्याहून जुने थर आहेत, भूवैज्ञानिक त्यांना 'बागलकोट गट' म्हणतात, वाकलेले, कललेले. ते साचले, चेपून वाकले, उघडे पडून झिजले. त्यानंतर वर ही वाळू पसरली. मधल्या काळाचं पानच गायब. हे बदामीत उभं राहून दिसत नाही, बागलकोटकडच्या भागात जावं लागतं. आमचं राहिलं.

उत्तरेकडच्या किल्ल्याची वाट उभ्या भेगांमधून, अगदी चिंचोळ्या घळीतून वर जाते. पाणी शिरून भेगा रुंदावतात, कडे सुटून पडतात. खाली पडलेले धोंडे त्याचेच.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीत या, उन्हाळ्यात हा दगड तव्यासारखा तापतो. लेण्यांना उजाडताच जा. खाऊची पिशवी हातात धरू नका. माकडांनी आमची चिक्की पहिल्याच लेण्यापाशी लांबवली. दुपारी बनशंकरीला जा, देवळाबाहेर बायका कडक भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी विकतात.