कूलरच्या खोक्यावरचे डेसिबल

सीपीयू कूलरच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या जोडणीच्या) खोक्यावर आवाजाचा जो आकडा छापलेला असतो, तो मी हल्ली वाचतही नाही. किती अंतरावरून मोजलं, कुठल्या वेगाला, पंखा हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या ठोकळ्यावर) चढवून की नुसताच टांगून, यातलं काहीही बहुतेक खोक्यांवर नसतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 30 सेंटिमीटरवरून मोजलेला पंखा मीटरभर लांबून मोजला की आपोआप 10 डेसिबलने शांत! पंखा तोच. शिवाय नुसता फिरणारा पंखा वेगळा वाजतो आणि त्याच्यापुढे ॲल्युमिनियमच्या दाट पट्ट्या आल्या की वेगळा.

माझं काम ऑडिओ एडिटिंगचं. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर आणि माइक एकाच खोलीत नांदतात, त्यामुळे कूलरची घरघर थेट पोटापाण्यावर येते. त्यातून हे वेड लागलं. आता मित्र आणि भावंडं नवीन पीसी असेंबल करायला घेतात तेव्हा कूलर आधी माझ्या टेबलावर येतो, मग त्यांच्या कॅबिनेटमध्ये जातो.

तपासायची माझी रीत साधी आहे, फक्त वेळखाऊ. प्रोसेसर एकच, कोअर आय7 12700. तो मोकळा सोडला तर थोडा वेळ 180 वॉटपर्यंत ओढतो, म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्याला 125 वॉटवर बांधून टाकतो. हे बंधन महत्त्वाचं. नाहीतर कूलर चांगला असला की प्रोसेसर जास्त वीज खाऊन जास्त तापतो आणि चांगल्या-वाईट कूलरचं तापमान पडद्यावर सारखंच दिसतं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची पेस्ट एकाच ट्यूबमधली. कॅबिनेटच्या तोंडाशी एक थर्मामीटर, आणि निकाल लिहिताना खोलीचं तापमान वजा करून उरलेला फरकच लिहायचा. मे महिन्यातला 75 अंश आणि जानेवारीतला 75 अंश यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, पूर्ण वेगावर कुठल्याच कूलरची तुलना करत नाही. इंटरनेटवरचे निम्मे तक्ते तिथेच वाया जातात. पूर्ण वेगावर कूलर चालवतो कोण? मी उलटं करतो. मीटर ठरलेल्या अंतरावर ठेवायचा, पंख्याचा वेग वर-खाली करत प्रत्येक कूलर एकाच डेसिबलवर आणायचा, आणि मग लोड देऊन तापमान स्थिर होईपर्यंत बसायचं. जो आवाज मला चालणार आहे, तेवढ्या आवाजात हा कूलर किती उष्णता काढतो, एवढंच मला बघायचं असतं. असं केलं की क्रमवारी बऱ्याचदा उलटीपालटी होते.

त्याचं कारण पंख्याच्या गणितात आहे. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने पडतो. हवेत जेवढं नुकसान, त्याच्या मानाने शांततेत फायदा फार मोठा. म्हणून हीटसिंक मोठा आणि पंखा संथ, ही जोडी जवळजवळ नेहमी जिंकते. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी15 कूलर 2014 साली आला तो याच तत्त्वावर: सहा हीटपाइप (उष्णता पट्ट्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या), पट्ट्यांचे दोन मनोरे, पंख्यांसकट 1320 ग्रॅम वजन. पंख्याचा कमाल आवाज कंपनी 24.6 डेसिबल सांगते. माझा मीटर मोजायला सुरुवातच 30 पासून करतो, त्यामुळे त्या आकड्याशी माझी कधी गाठ पडणार नाही. बाजारातले बहुतेक स्वस्त मीटर असेच असतात. मोबाइलच्या ॲपबद्दल तर बोलायलाच नको.

मीटरइतकीच अडचण खोलीची. मागचा आवाज पंख्याच्या आवाजापेक्षा निदान 10 डेसिबलने खाली हवा. मग तो मोजमापात अर्ध्या डेसिबलचीही भर घालत नाही. डोंबिवलीत ही ऐश फक्त शेवटची लोकल गेल्यावर मिळते, आणि तेव्हाही मालगाड्या असतातच. छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिज बंद. मे महिन्यात घामाच्या धारा पुसत मी मीटरकडे बघत बसलेलो असतो आणि आई आतून ओरडते, “काय रे, फ्रिज परत बंद केलास? दूध नासेल ना!”

आकडा जुळला तरी काम संपत नाही. एकाच डेसिबलचे दोन पंखे कानाला अगदी वेगळे लागतात. मीटर ए-वेटिंग लावून मोजतो, म्हणजे खालच्या स्वरांना तो जवळजवळ माफ करतो: 100 हर्ट्‌झचा गुणगुणाट त्याच्या हिशेबात 19 डेसिबलने कमी धरला जातो. माइक काही माफ करत नाही. म्हणून मी प्रत्येक कूलर मिनिटभर रेकॉर्ड करतो आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला स्वर किती जोरात त्याचा आलेख, काढून बघतो. चांगल्या पंख्याचा आलेख पसरट निघतो, नुसता वाऱ्याचा सुस्कारा. वाईट पंख्यात मध्येच एक सुळका उभा राहतो. तो सुळका कुठून आला हे शोधणं सोपं असतं. सात पात्यांचा पंखा 1200 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 1200 फेऱ्यांनी, फिरत असेल तर 1200 भागिले 60, गुणिले 7, म्हणजे 140 हर्ट्‌झ. सुळका तिथेच असेल तर तो पात्यांचा. वेग बदलूनही जागचा हलत नसेल तर दोषी दुसरंच कोणीतरी, बहुधा पॉवर सप्लाय नाहीतर मदरबोर्डवरची कॉइल.

दोन पंख्यांच्या कूलरमध्ये आणखी एक गंमत होते. एक 1180 आणि दुसरा 1200 आरपीएमवर फिरत असला की आवाज लाटांसारखा चढतो-उतरतो, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित उतरलेल्या असाव्यात तसा. मीटर हे दाखवत नाही. डोकं मात्र उठतं.

बेअरिंगसाठी कान जवळ न्यावा लागतो. मी पंखा अगदी संथ करतो, 400-500 आरपीएमपर्यंत, आणि हातात धरून आधी उभा, मग आडवा, मग उताणा करतो. स्वस्तातल्या स्लीव्ह बेअरिंगचा पंखा एखाद्या कलात बारीक टिकटिक करतो, कुरकुरतो. नवीन असताना जो कुरकुरतो, तो इथल्या धुळीत आणि दमटपणात वर्षभराने काय करेल ते सांगायला नको.

बांधणीची परीक्षा स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्याशिवाय होत नाही. फोटोत सगळेच कूलर देखणे. मी पहिल्यांदा तळ बघतो. स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून उजेडाकडे करायची, फट कुठे दिसते ते बघायचं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: मध्ये किंचित फुगीर तळ हा दोषच असतो असं नाही. एलजीए 1700 सॉकेटची (प्रोसेसर बसतो त्या जागेची) पकड प्रोसेसरच्या झाकणाला मधोमध थोडं खोलगट करते, त्याला फुगीर तळ बरोबर बसतो. नॉक्टुआने 2024 मध्ये एनएच-डी15 जी2 आणला तो तर तळाच्या फुगवट्यानुसार तीन प्रकारांत. दोष तेव्हा, जेव्हा फुगवटा एका बाजूला सरकलेला असतो, किंवा उघड्या हीटपाइपच्या तळात तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नख अडकेल अशी खाच असते.

मग पट्ट्या. दोन बोटांनी कडेची पट्टी हळूच हलवायची. हीटपाइपशी झाळलेली असेल तर हलत नाही. नुसती दाबून बसवलेली आणि तीही ढिली असेल तर खुळखुळते. आणि जी बोटाने खुळखुळते ती पंख्याच्या कंपनानेही खुळखुळणारच. मध्यंतरी मावसभावाने आणलेल्या एका कूलरमध्ये (नाव राहू दे) नेमक्या एका वेगाला झिणझिण यायची. बारीक झिप-टायने वरच्या दोन पट्ट्या एकमेकींना आवळल्या, झिणझिण गेली. ते काम कारखान्यात व्हायला हवं होतं.

स्क्रूवरून तर कंपनीची नियत कळते. चांगल्या कूलरचा स्प्रिंगवाला स्क्रू ठरावीक जागी येऊन थांबतो, पुढे फिरतच नाही. दाब कंपनीने ठरवलेला, तुमच्या मनगटाने नाही. हलक्या कूलरला तो थांबा नसतो. आवळत गेलं की एकतर बोर्ड वाकतो किंवा आटे जातात. 2004 साली एलजीए 775 सॉकेटबरोबर आलेल्या, बोर्डाच्या भोकांत दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या चार पुश-पिनांबद्दल माझं मत एका शब्दात सांगता येईल, पण आई ब्लॉग वाचते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत मी हे सगळं काउंटरवरच करायला घेतो. दुकानदार सुरुवातीला वैतागायचे, “साहेब, सगळे हाच नेतात, घ्या ना.” आता एकजण स्वतःहून खोकं उघडून देतो आणि स्टीलची पट्टीही पुढे सरकवतो.

किमतीच्या मानाने सध्या मी थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन 120 एसई सुचवतो. सहा हीटपाइप, दोन मनोरे, 120 मिलिमीटरचे दोन पंखे. नॉक्टुआच्या किमतीत असे दोन-तीन येतील. फक्त कॅबिनेटमध्ये 155 मिलिमीटर उंची बसते का ते आधी मोजा. पाण्याचे एआयओ (पंपाने पाणी फिरवणारे तयार कूलर) मी रेकॉर्डिंगच्या खोलीत आणत नाही. पंखा थांबवता येतो, पंप थांबवता येत नाही.

आणि कूलर कुठलाही घ्या, मदरबोर्डच्या मूळ सेटिंगवर सोडू नका. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणात पंधरा-वीस अंश उसळतो, पंखा त्याच्या मागे धावतो, पुन्हा खाली येतो. ही चढ-उतार सलग आवाजापेक्षा जास्त त्रास देते. बायोसमध्ये पंख्याचा प्रतिसाद काही सेकंदांनी लांबवा. माझ्याकडे 60 अंशांपर्यंत सरळ 700 आरपीएम, तिथून 80 अंशांपर्यंत हळूहळू 1100. या प्रोसेसरची मर्यादा 100 अंशांची आहे, त्यामुळे 80 बघून घाबरायचं कारण नाही. त्यावरचा वेग मी फक्त व्हिडिओ एक्स्पोर्टला ठेवलाय. तेव्हा माइक बंद असतो आणि मी चहा घ्यायला उठलेलो असतो.