जांघेतला हर्निया : दुर्बिणीने की उघडून?

आजच्या ओपीडीतही तोच प्रश्न: "डॉक्टर, दुर्बिणीचंच चांगलं ना?" हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतलं आतडं किंवा चरबी बाहेर डोकावणं. उत्तर पेशंट बघून ठरतं.

उघड्या शस्त्रक्रियेत जांघेत पाच-सहा सेंटीमीटरचा छेद घेऊन ती कमकुवत जागा झाकायला स्नायूंच्या पुढून कृत्रिम जाळी शिवतात. कमरेतून किंवा फक्त जागेवर भूल देऊनही हे जमतं. म्हणून हृदय-फुप्फुसं कमजोर असतील, तर मी बेधडक हेच सुचवतो. प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन आधी झालं असेल तरीही, कारण आत सगळं चिकटलेलं असतं.

दुर्बिणीत तीन छोटी छिद्रं, पूर्ण भूल आणि जाळी स्नायूंच्या मागे, निदान १० बाय १५ सेंटीमीटरची. जाळी लहान पडली किंवा खालची कड दुमडली की हर्निया तिथूनच परत डोकावतो. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, उघड्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवला असेल किंवा पेशंट बाई असेल (मांडीच्या बाजूचा लपलेला हर्नियाही झाकला जातो), तर दुर्बीण सरस. दुखणं कमी, कामावर लवकर. जांघेत बधिरपणा किंवा महिनोन्महिने रेंगाळणारी कळही कमी, कारण पुढच्या नसांना हात लागत नाही. मात्र शिकायला ती अवघड. सर्जनचा हात किती बसलाय, हे जरूर विचारा. त्यात लाजायचं काय?

ऑपरेशननंतर तिथे पुन्हा फुगवटा दिसला तर घाबरू नका. बहुतेकदा पाणी साचलेलं असतं, काही आठवड्यांत जिरतं. सुई घालून काढायची घाई नको, जंतू जाळीपर्यंत पोचतात.

ऑपरेशनची वाट बघताना गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या लागल्या, तर तडक इमर्जन्सी गाठा.